एक दोरी, एक पुस्तक

पुरानं वाचनालयाची पुस्तकं भिजवली, हे खरं. पण कापली ती खळकाकांनी.

गल्लीत कुणी असं तोंडावर बोललं नव्हतं. उलट, लोक त्यांना दुवाच देत होते. पण काकांच्या स्वतःच्या मनात ते वाक्य असं रुतून बसलं होतं, की जेवताना घास घशाखाली उतरायला पाणी लागायचं.

खळकाका म्हणजे गल्लीच्या चढावरचे बाइंडर. सकाळी मैद्याची खळ शिजवायची, दिवसभर पुस्तकं शिवायची, पाठीला कापड लावायचं, पुठ्ठे चढवायचे, यात त्यांचं आयुष्य गेलं. बोटांना कायम खळ चिकटलेली, म्हणून खळकाका. काकूंनाही पोरं आधी खळकाकू म्हणायची, पण एकदा त्यांनी एकाचा कान असा पिरगाळला, की तेव्हापासून त्या नुसत्या काकू राहिल्या.

दुकान चढावर, त्यामुळे नदी त्यांच्या पायरीपर्यंत येऊन मागे फिरली. वाचनालय मात्र उतारावर होतं. तिथे ती आत शिरली, कमरेइतकी उभी राहिली, आणि जाताना सगळ्या खोलीभर गाळ टाकून गेली. माणसं वाचली, गुरंढोरं वाचली, हे नशीब. भांडीकुंडी, गाद्या, टीव्ही वगैरे ज्याचं जे जायचं ते गेलं.

पाणी उतरल्यावर काका वाचनालयात गेले, तेव्हा तिथल्या बाई नवऱ्याचे गमबूट घालून गाळात उभ्या होत्या. बूट इतके मोठे, की त्या पाय उचलायच्या आणि बूट तिथेच राहायचा. पुस्तकं पाणी पिऊन फुगली होती आणि कपाटात अशी घट्ट अडकून बसली होती, की एक ओढलं तर अख्खा कप्पा कण्हल्यासारखा आवाज करायचा. तळच्या कप्प्यातल्यांचा तर चिखलच झाला होता. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

त्याच दिवशी नगरपालिकेचे साहेब येऊन गेले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या वाट्याला अशा कितीतरी ओल्या खोल्या आल्या होत्या. ते म्हणाले, "बाई, हा लगदा झालाय. लॉरी पाठवतो, घेऊन जाऊ द्या. खोलीत आपण पाण्याचे पाइप ठेवू. गोदामाला जागाच नाहीये."

बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्ही वाचनालयाला माझ्यासमोर लगदा म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"ओलं म्हणा."

साहेबांना जरा हसू आलं. मग त्यांनी हो-ना करत मुदत दिली. एक तारखेला ते पुन्हा येणार होते. कपाटात जी पुस्तकं उभी असतील, उघडतील आणि वाचता येतील, ती पुस्तकं. बाकीची रद्दी. आणि निम्मी तरी कपाटं भरलेली दिसली नाहीत, तर खोली पाइपांना.

साहेब गेल्यावर बाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी एक जाडं पुस्तक हातात घेऊन दाबलं. बोटांमधून पाणी आलं.

"असं वाळत नाही हे," ते म्हणाले. "वरून कोरडं दिसेल, आत बुरशी धरेल. पाठ कापून फर्मे सुटे करायला लागतील."

"फर्मे म्हणजे?"

"पुस्तक सलग नसतं, बाई. सोळा-सोळा पानांच्या घड्या असतात. एक घडी म्हणजे एक फर्मा. अशा घड्या एकावर एक शिवल्या की पुस्तक. ती शिवण उसवायची, फर्मे दोरीवर वाळत घालायचे, वाळले की परत शिवायचे."

"म्हणजे सगळी पुस्तकं फाडायची?"

"उसवायची."

"परत जोडता येतील?"

"येतील."

"सगळी?"

तळची चिखल झालेली सोडून, असं म्हणायला हवं होतं. जेवढी जमतील तेवढी, असंही म्हणता आलं असतं. पण गमबुटातल्या त्या बाईंकडे बघून काकांच्या तोंडून निघून गेलं, "सगळी."

झालं. सुरा बाहेर आला. काकांनी पाठी कापायला सुरुवात केली, ती हात भरून येईपर्यंत. ज्या पुस्तकांना त्यांनी स्वतः शिवलं होतं, तीच ते उसवत होते. आधी त्यांचे वडील आणि मग ते, अशी वाचनालयाची सगळी पुस्तकं दोन पिढ्या त्यांच्याच दुकानात बांधली गेली होती.

एवढे फर्मे वाळत घालायला जागा कुठे? गच्च्या, गॅलऱ्या, जिने, जिथे ऊन आणि वारा तिथे दोऱ्या बांधल्या. काका घरोघर गेले आणि प्रत्येकाला एकच नियम सांगत सुटले. "एक दोरी, एक पुस्तक. एका दोरीवरचं दुसऱ्या दोरीवर जाता कामा नये. आणि दिवसातून दोन-तीनदा पानं उलटायची, नाहीतर चिकटतील. एकन् एक पान उघडून बघायचं."

लोकांनी मान डोलावली. नियम सोपा होता. म्हणूनच काकांनी फर्म्यांवर पेन्सिलीची खूण करण्यात वेळ घालवला नाही. दोरी हीच खूण.

आणि इथेच सगळं बिनसलं. कारण एकन् एक पान उघडून बघायला सांगितलं, की माणूस काय करणार? बघणार. आणि बघता बघता वाचणार. गल्लीत वीज अजून परत आली नव्हती, टीव्ही नदीनं नेले होते, कामधंदे बंद. लॉन्ड्रीवाल्या वहिनी कोळशाची इस्त्री फिरवून पानांच्या सुरकुत्या काढायच्या, तर त्यांची इस्त्री एका पानावर इतका वेळ थांबायला लागली की दोनदा कडा करपल्या. वस्तरा म्हणून ओळखला जाणारा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावायचा आणि तसाच सोडून दोरीकडे जायचा. गिऱ्हाईक ओरडायचं, "अरे, साबण वाळला!" आणि आतून उत्तर यायचं, "वाळू दे, पान वाळतंय तोवर."

बेकरीतल्या आजींचा चष्मा पुरात गेला होता. त्या भट्टीजवळ खुर्ची टाकून बसायच्या आणि नातसुनेला वाचून दाखवायला लावायच्या. नातसून पीठ मळता मळता समोरच्या दोरीवरचं वाचायची. ओळ संपली की हाताच्या कोपरानं पान उलटायची. त्या पुस्तकांत अजूनही पिठाचे डाग आहेत.

काका फेरी मारायचे तेव्हा लोक पानं उलटताना दिसायचे. काकांना वाटायचं, काय प्रामाणिक माणसं आहेत! सांगितलं तसं करताहेत. घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलंसुद्धा, "आपल्या गल्लीसारखी गल्ली नाही." काकू काहीच बोलल्या नाहीत. एरवी त्यांनी काहीतरी टोला हाणला असता. पण हे काकांच्या लक्षात आलं नाही.

महिना निम्मा सरला. ऊन चांगलं पडत होतं. काका फर्मे गोळा करायला पहिल्यांदा वस्तऱ्याकडे गेले.

"अजून ओल आहे, काका," वस्तरा म्हणाला.

काकांनी दोरीवरचा फर्मा चिमटीत धरला. करकरीत वाळलेला. "ही ओल?"

"आतून आहे."

"सोळा पानांच्या घडीला आत आणि बाहेर असतं होय रे?"

वस्तऱ्यानं मान खाली घातली. "काका, खरं सांगू? यातला माणूस आत्ताच विहिरीत पडलाय. त्याला तसाच सोडून कसा देऊ?"

"मग वाच पुढचं पटकन आणि दे."

"पुढचं माझ्याकडे नाहीये. लॉन्ड्रीवाल्या वहिनींकडे आहे. त्या म्हणतात, आधी तुझ्याकडचा खुनाचा फर्मा दे. आणि खुनाचा मी आजींना दिलाय. आजी म्हणतात, भूत कुठेय ते सांग, मग देते."

काकांना आधी नीट कळलंच नाही. "वहिनींकडे तुझ्या दोरीचा फर्मा कसा गेला?"

"मी दिला."

"आणि तुझ्या दोरीवर हे काय आहे?"

"हा वहिनींचा. हा बहुतेक आजींचा. हा कुणाचा मला नाही माहीत, पण छान आहे."

काका पायरीवर बसले. वस्तऱ्यानं घाईघाईनं पाणी आणून दिलं. काकांनी एक घोट घेतला आणि त्यांना पुढचं सगळं दिसलं. गल्लीभर दोऱ्या, आणि दोऱ्यांवर पुस्तकांचे तुकडे वाटेल तसे लटकलेले. खुणा नाहीत. पानांचे आकडे होते, पण त्याचा उपयोग काय? पान सत्त्याण्णव तर प्रत्येक पुस्तकात असतं. शिवणीची भोकं जुळवून बघावीत, तर सगळी पुस्तकं एकाच पट्टीनं भोकं पाडून शिवलेली. ती पट्टी काकांच्या वडिलांनी केली होती आणि काका ती अजून वापरत होते. कागदाचा रंग पाण्यानं सगळीकडे सारखाच करून टाकला होता. आता कुठल्या फर्म्यामागून कुठला, हे ओळखायला काकांच्या हाताशी काहीच उरलं नव्हतं.

नदीनं पुस्तकं ओली केली होती. पण सुरा चालवून त्यांची रद्दी केली ती खळकाकांनी. आणि वर "सगळी" असा शब्दही देऊन बसले होते.

त्यांनी त्या दिवशी आणखी चार घरं केली. सगळीकडे ओल होती. एका ठिकाणी तर घरमालकीणबाई बाहेरच आल्या नाहीत, आतूनच म्हणाल्या, "काका, उद्या! आत्ता फार वाईट प्रसंग चालू आहे!" काका घाबरून आत डोकावले, तर त्या खाटेवर पालथ्या पडून डोळे पुसत वाचत होत्या.

मग ते वाचनालयात गेले. बाई भिंतीला चुना देत होत्या. काकांनी सगळं सांगितलं. खुणा केल्या नाहीत, हेही सांगितलं.

बाईंचा कुंचला भिंतीवरच थांबला. चुना त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. मग त्या म्हणाल्या, "काका, मी इथे इतकी वर्षं बसते. दुपारी पंख्याखाली झोपायला येणारे सोडले, तर आठवड्याला किती लोक यायचे माहितीये? वस्तरा कधी पायरी चढला नव्हता."

"त्याचं आता काय?"

"काही नाही. मला आनंद कशाचा झाला ते सांगितलं. रडायचं कशाचं ते मी तुम्ही गेल्यावर ठरवीन."

काका घरी आले ते पाय ओढत. जेवण नको म्हणाले आणि गादीवर बसले. गादीखाली काहीतरी करकरलं.

काकू स्वयंपाकघरातून लगबगीनं आल्या. "अहो, तिकडे नका बसू. ती बाजू अशी... खाली गेलीये."

काकांनी गादी उचलली. खाली फर्मे. एक नाही, चांगला गठ्ठा.

"अगं, तू पण?"

"मग काय करू? तुम्ही दिवसभर बाहेर. आणि तुम्ही इतकी वर्षं पुस्तकं शिवलीत, कधी एकात काय आहे ते सांगितलंत का मला? मला वाटायचं, सगळ्यांत खळच असते."

"मला तरी कुठे माहीत होतं? मी पुस्तकाची पाठ बघतो, पोट नाही बघत."

काकूंनी ताट आणून समोर ठेवलं. काकांनी सगळी कर्मकथा पुन्हा सांगितली. काकू ऐकत होत्या, आणि मधूनच गादीकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही परत मागताय, म्हणून कुणी देत नाही. तुम्ही म्हणा, पुढचं देतो. बघा कसे धावत येतात."

"माझ्याकडे पुढचं आहे कुठे?"

"तुमच्याकडे नाही. पण सगळे एका खोलीत आले तर सगळ्यांकडे सगळं आहेच की. आणि कुणामागून कोण येतं ते तुमच्या पट्टीला कळत नसेल, वाचणाऱ्याला कळतं. माझ्या फर्म्यात ती वेडसर बहीण घर सोडून निघालीये. ती पुढे कुठे पोचली, ते ज्याच्याकडे असेल तो मला माणसांच्या गर्दीतही ओळखू येईल."

काकांचा घास हातातच राहिला.

"जेवा," काकू म्हणाल्या. "आणि वेडसर बहिणीचा आधी लावा."

सुट्टीच्या दिवशी सकाळी बाईंनी वाचनालयाचं दार सताड उघडलं. जमीन धुऊन कोरडी केली होती, कपाटं पुसून रिकामी उभी होती. काकांनी गल्लीभर सांगितलं होतं, "ज्याच्याकडे जे आहे ते घेऊन या. पुढचं तिथे मिळेल."

आधी वहिनी आल्या, छातीशी गठ्ठा धरून, जणू कुणी हिसकावून घेईल. मग वस्तरा. मग आजी, नातसुनेच्या खांद्यावर हात ठेवून, मागे बेकरीचा पोऱ्या पावाच्या ट्रेमध्ये फर्मे घेऊन. मग कोण आलं आणि कोण नाही, हे सांगण्यात अर्थ नाही. खोली भरली आणि लोक पायरीवर बसले.

पहिल्यांदा सगळे गप्प. वाचनालयात बोलायचं नसतं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. मग वस्तऱ्यानं घसा खाकरला आणि हळूच विचारलं, "विहिरीत पडलेला माणूस कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे एक माणूस ओल्या कपड्यांनी शेकत बसलाय," पायरीवरून कुणीतरी म्हणालं. "चालेल का?"

"कितवं पान?"

"पासष्ट."

"माझं चौसष्टला संपतं! द्या, द्या इकडे!"

आणि मग जो बाजार सुरू झाला, तसा त्या खोलीनं कधी ऐकला नसेल. "तुरुंगात गेलेला मामा! मामा कुणाचा?" "मामा सुटला माझ्याकडे!" "हा मामा नाही, हा काका आहे." "अहो, सुटल्यावर काका झाला असेल!" "दोन घोडे आणि एक पत्र, कुणी घेतंय का?" "पत्र कुणाचं?" "ते मागच्यात असेल." "वेडसर बहीण!" हा काकूंचा आवाज. "वेडसर बहीण कुठे पोचली?" आणि कोपऱ्यातून एक म्हातारे गृहस्थ हात वर करून उभे राहिले, म्हणाले, "आमच्याकडे सुखरूप आहे, बाई." काकू जाऊन त्यांच्याशेजारीच बसल्या आणि तिथेच वाचायला लागल्या.

बाईंनी सवयीनं दोनदा "हळू, हळू" केलं. तिसऱ्यांदा त्या स्वतःच ओरडल्या, "अहो, तो प्रवासवर्णनाचा फर्मा आहे, त्याला कशाला खुनात घालताय?"

काका मधोमध बसले होते. जुळलेले फर्मे त्यांच्याकडे यायचे आणि ते पान बघून एकावर एक रचायचे. एका फर्म्याच्या शेवटी वाक्य अर्धं तुटलेलं, उरलेलं अर्धं दुसऱ्या कुठल्यातरी फर्म्याच्या सुरुवातीला. दोन्ही अर्धं मिळून वाक्य झालं, की तो फर्मा बसला. गठ्ठे वाढत गेले. दुपारपर्यंत काकांना पहिल्यांदा सपाटून भूक लागली.

पुढचे दिवस शिवण्यात गेले. काका सुई-दोरा चालवायचे, काकू खळ ढवळायच्या, वहिनी फर्मे इस्त्री करून सपाट करायच्या, वस्तरा कडा छाटायचा. ज्यांचे गठ्ठे तेवढ्यात पुरे झाले नव्हते, ते रोज संध्याकाळी वाचनालयात येऊन भांडून जुळवायचे. कपाटं एकेक कप्पा भरत चालली.

शेवटच्या दिवशी, साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी, दोन जाड्या कादंबऱ्या अडल्या.

दोन्हींचा पहिला भाग शहाण्णव पानांपर्यंत पुरा होता, आणि दोन्हींच्या शहाण्णवाव्या पानावर दार वाजत होतं. एकीत बाई दार उघडते आणि समोर उभा असतो तो... पान संपलं. दुसरीत बाई दार उघडते आणि पाहते तर... पान संपलं. आणि सत्त्याण्णवपासूनचे फर्मे दोन. एकात पहिलाच शब्द 'मेव्हणा'. दुसऱ्यात पहिलाच शब्द 'पोस्टमन'. मेव्हणा कुठल्या दारात आणि पोस्टमन कुठल्या?

"मेव्हणा इथे नाहीच," वस्तरा पहिल्या कादंबरीवर हात ठेवून म्हणाला. "पहिल्या पानापासून वाचलंय मी. यात मेव्हण्याचा विषयच नाही."

"आजवर नव्हता," आजी म्हणाल्या. "मेव्हणे असेच येतात. कळवून कोण येतं?"

"आजी, तुम्ही सगळी पुस्तकं ऐकलीत, आणि तुमच्या डोक्यात त्यांचं एकच पुस्तक झालंय."

"हो का? मग ऐक. पुढे तो मेव्हणा..."

"पुढचं सांगायचं नाही!" वस्तऱ्यानं कानांवर हात ठेवले. "मी तिथवर पोचलेलो नाही!"

पुढचे फर्मे वाचून खात्री करायला वेळ कुठे होता? एकशे तेरापासून दोन्हीकडे नवं प्रकरण, तिथे ना मेव्हणा ना पोस्टमन. दोन्ही गठ्ठे अजून शिवायचे, चिकटवायचे, दाबायला ठेवायचे होते. काकांनी सवयीनं भोकं जुळवून पाहिली. दोन्हीकडे चपखल बसली. पट्टी काही बोलेना.

"आजी," काकांनी विचारलं, "तुम्हाला कशावरून वाटतं?"

"अरे पोरा," आजी म्हणाल्या, आणि काकांचे केस पांढरे होते तरी ते त्यांच्यापुढे पोरच होते, "मेव्हण्याला बघून ती बाई म्हणते काय, बघ. 'आता आलास? पाय पूस आधी.' वस्तऱ्याच्या पुस्तकातली बाई सगळ्यांवर अशीच डाफरते. आणि ती दुसऱ्या पुस्तकातली बाई बघ. ती नवऱ्यालासुद्धा 'बसता का' म्हणून विचारते. ती कुणाला पाय पुसायला सांगेल?"

"तसं काही नसतं," वस्तरा म्हणाला. "माणूस रागात बदलतो."

काकांनी दोन्ही फर्मे दोन हातांत तोलले. आयुष्यभर त्यांनी हातावर विश्वास ठेवला होता, आणि आज हात सांगत होता की मला माहीत नाही. चूक झाली तर एक नाही, दोन पुस्तकं जाणार होती. त्यांनी मेव्हणा वस्तऱ्याच्या कादंबरीत घातला आणि सुई ओवली. वस्तरा रागावून छाटायला उठून गेला. कडा मात्र त्यानं सरळच छाटल्या.

शिवून झाल्यावरही काका ते पुस्तक पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिले. शहाण्णव, सत्त्याण्णव. 'समोर उभा असतो तो मेव्हणा.' कधी बरोबर वाटायचं, कधी नाही.

साहेब आले ते सकाळी सकाळी. बरोबर एक माणूस, पाइप ठेवायला खोली मोजायला फूटपट्टी घेऊन. दारात मात्र दोघेही थबकले. खोलीत माणसं होती, कामाच्या दिवशी, इतक्या सकाळी. कपाटं भरलेली होती, सगळी नाही, पण निम्म्याहून बरीच जास्त. पुस्तकं कमी-जास्त फुगलेली, कुठे करपलेली कड, कुठे पिठाचा डाग, पण उभी होती.

"बाई, ही वरून छान दिसतायत," साहेब म्हणाले. "आत काय आहे ते बघायला हवं. वाचता आली पाहिजेत, असं ठरलंय."

"बघा ना," बाई म्हणाल्या.

साहेबांनी कपाटावरून बोट फिरवलं आणि एक जाडं पुस्तक ओढलं. काकांनी पाठीवरचं कापड ओळखलं. तेच होतं.

नव्यानं शिवलेलं पुस्तक हातात घेतलं, की ते जिथे सगळ्यात जास्त वेळा उघडलेलं असतं तिथेच उघडतं. ते उघडलं. डावीकडे शहाण्णव, उजवीकडे सत्त्याण्णव. काकांनी आदल्या दिवशी ते तिथे इतक्यांदा उघडलं होतं, की दुसरीकडे उघडणं त्याला शक्यच नव्हतं.

साहेब वाचू लागले. काका त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. डोळे डाव्या पानावरून ओळीओळीनं खाली आले. शेवटच्या ओळीला आले. उजवीकडे उडी मारली. आणि थांबले. परत डावीकडे गेले. पुन्हा उजवीकडे आले.

"हा मेव्हणा कुठून आला?" साहेबांनी विचारलं.

वस्तऱ्यानं तोंड उघडलं. वहिनींनी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला, की ते उघडंच राहिलं.

"पुढे कळतं, साहेब," आजी खुर्चीवरून म्हणाल्या. "धीर धरा."

साहेबांनी आजींकडे पाहिलं. मग पुस्तकाकडे. मग बाईंनी पुढे केलेल्या स्टुलावर बसले आणि पान उलटलं. आणखी एक उलटलं. फूटपट्टीवाला माणूस दारात एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकत उभा राहिला.

मध्येच साहेब हसले. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात.

"पाय न पुसताच आत आला," ते म्हणाले. "वर जेवायलाही बसला. माझाही असाच एक आहे." मग त्यांनी घाईघाईनं बाईंना विचारलं, "पण याला काही कारण असेल ना? उगाच नाही आला."

"साहेब, पुढचं बोलू नका," वस्तरा कळवळून म्हणाला. "माझं व्हायचंय."

साहेबांनी आणखी दोन-चार पुस्तकं काढून उघडली, पण नावापुरती. पहिलं त्यांनी काखेतच धरलं होतं. फूटपट्टीवाल्याला त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं, आणि थोड्या वेळानं घरी पाठवून दिलं. खोली वाचनालयाचीच, अशा कागदावर सही करताना त्यांनी विचारलं, "हे मला नेता येईल का? परत आणून देईन."

बाईंनी वस्तऱ्याकडे पाहिलं. वस्तरा पुतळ्यासारखा उभा. "आधी त्यांचा नंबर आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "त्यांचं झालं की तुमचा."

साहेबांनी पुस्तक वस्तऱ्याच्या हातात दिलं. देताना जरा वेळ लागला.

चार दिवसांनी वस्तरा चढ चढून काकांच्या दुकानात आला. हातावरचा साबणही धुतलेला नव्हता. काका एका पुस्तकाला पाठ लावत होते.

"आहे, काका," तो म्हणाला. "मेव्हणा आहे. शेवटपर्यंत आहे. आजी बरोबर होत्या."

काकांनी खळेचा ब्रश भांड्यात ठेवला. खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखे ते जरा सैल बसले. "नक्की ना?"

"नक्की. पण तो असा वागेल, असं मला वाटलं नव्हतं."

"काय केलं त्यानं?"

"वाचा की!" वस्तरा म्हणाला आणि गिऱ्हाईक वाट बघतंय म्हणून पळाला.

काकांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अगं, ऐकलंस का? ते मेव्हण्याचं पुस्तक मला आणशील का वाचनालयातून?"

"ते साहेबांकडे जाईल आता," काकू आतून म्हणाल्या. "मग वहिनी. मग मी. तुमचा नंबर माझ्यानंतर."

"बरं."

"आणि मी सावकाश वाचते."